शून्य की एक

दुपारचे तीन वाजून गेले होते. पाऊस थांबला होता, पण झाडांवरून पाणी गळायचे थांबले नव्हते, आणि मोटरसायकल ट्रायलच्या, ओढ्यातल्या त्या आठव्या सेक्शनवर मी स्वारांना गुण द्यायला सकाळपासून उभा होतो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी शॉक ॲब्सॉर्बर असलेली, चाळीसेक वर्षे जुनी मोटरसायकल घेऊन एक मध्यमवयीन स्वार सुरुवातीच्या पाटीजवळून आत आला. पाण्यातून तो सावकाश वर सरकला, पहिला मोठा दगड त्याने सहज ओलांडला, आणि दुसऱ्या दगडाला वळसा घालताना गाडी उताराच्या बाजूला कलली तसा त्याचा डावा पाय फुटपेगवरून, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवरून, सुटला. पाय खाली गेला, हे मला दिसले. तो दगडाला टेकला की दगडाच्या बोटभर वरूनच परत फिरला, हे मला दिसले नाही. पुढच्याच क्षणी पाय पेगवर होता, गाडी शेवटच्या पाटीतून बाहेर पडली होती, आणि स्वार हातमोजा न काढताच आपले भिजलेले कार्ड माझ्यापुढे धरून उभा होता. मी कार्डाला भोक पाडायचा चिमटा शून्याच्या रकान्यावर दाबला. त्याने कार्डाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता तो पुढच्या सेक्शनच्या वाटेला लागला.

त्या पाहण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

ज्यांनी ट्रायल कधी पाहिलेली नाही त्यांना ही एवढीशी गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी वाटणार नाही. पण या खेळात पायाखेरीज मोजण्यासारखे फारसे काही नसते. सेक्शन म्हणजे दगड, चिखल, मुळे आणि चढ यांचा खुणांनी आखलेला एक छोटा तुकडा. तो पाय न टेकता पार केला तर शून्य, ज्याला सगळे ‘क्लीन’ म्हणतात. एकदा पाय टेकला की एक, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा त्याहून कितीही अधिक वेळा टेकला तरी तीन. पडलात, खुणांच्या बाहेर गेलात किंवा सेक्शन पुरा करता आला नाही, तर थेट पाच. चार नाहीच. दिवसाअखेरीस ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण, तो जिंकला. ज्याचे पाय जमिनीवर आहेत त्याचे आपल्या भाषेत कौतुक होते. इथे नेमके तेच टाळण्यासाठी माणसे आयुष्यातले सगळे रविवार खर्च करतात. आणि पाय टेकला की नाही, हे ठरवायला कोणतेही यंत्र नसते. काठावर एक माणूस उभा असतो, तो ऑब्झर्व्हर. त्याला जे दिसले ते खरे.

मला हे काम शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. गुडघे गेल्यामुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले होते, पण ट्रायल सोडली नव्हती. घडीची खुर्ची, छत्री आणि थर्मास घेऊन ते सर्वांच्या आधी हजर असत, आणि खुर्ची उघडून ठेवली तरी तिच्यावर फारसे बसत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. “चाकाकडे बघू नकोस. चाक कुठे जाते ते स्वार बघेल, ते त्याचे काम आहे. तू बुटांकडे बघ.” मला वाटले, यात शिकवण्यासारखे काय आहे? तासाभरात कळले की हे फार अवघड आहे. कारण डोळा आपोआप पुढच्या चाकाकडे ओढला जातो. दगडाच्या कडेला चाक लागते, वर उचलले जाते, गाडी उभीच राहते की काय असे वाटते, आणि त्या धाकधुकीत आपण स्वाराबरोबर वर चढत असतो. तेवढ्या वेळात खाली एक बूट दगडाला शिवून परतसुद्धा आलेला असतो. गृहस्थ स्वतः डोके थोडे खाली घालून, नजर फुटपेगच्या उंचीवर ठेवून उभे राहत. कोणी अफाट चढ चढला की भोवतीचे लोक ओरडत. यांचा चेहरा मात्र तसाच असे, कारण त्यांनी तो चढ पाहिलेलाच नसे. त्यांनी दोन बूट पाहिलेले असत.

दिवसभर एकाच सेक्शनवर उभे राहिले की तो तुकडा घरच्या अंगणासारखा ओळखीचा होतो. सकाळी स्वार गाड्या बाजूला लावून पायी आत येतात, दगडांवर बुटाची टाच दाबून कोणता हलतो ते पाहतात, शेवाळावर तळवा घासून पाहतात, मग वाकून, चाकाच्या उंचीवर डोळा आणून, मनातल्या मनात वाट आखतात. पहिला जायला कोणीच तयार नसतो, कारण दुसऱ्याच्या चुकीवरून शिकता येते. तरीही फार मागे राहण्यातही अर्थ नसतो. ओढ्यातले पाणी चाकांबरोबर वर जाते, सकाळी कोरडा असलेला चढ दुपारी घसरडा होतो, आणि सगळ्यांनी ज्याच्यावर भरवसा ठेवला होता तो दगड विसाव्या-पंचविसाव्या गाडीनंतर अचानक कूस बदलतो. गाड्यांना सीट जवळजवळ नसतेच, पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची, नव्या गाडीचे वजन सत्तर किलोंच्या आसपास. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब तीस पीएसआयच्या घरात असतो; इथे मागच्या टायरमध्ये तो चारच्या आसपास ठेवतात, आणि तो टायर दगडावर येतो तेव्हा तळहात टेकवावा तसा पसरतो, दगडाचा आकार धरतो, आणि मग सोडतो. जवळ उभे राहून हे पाहिले की कळते, इथे जोर फार थोडा लागतो. डाव्या हाताचे एक बोट क्लचवर असते आणि सगळे त्या बोटात असते.

या खेळाचे वय शंभराच्या पुढे गेले आहे. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल, जिला सगळे ‘स्कॉटिश’ म्हणतात, १९०९ साली सुरू झालेल्या स्पर्धेतून आली. यॉर्कशरमधली स्कॉट ट्रायल १९१४ची, एका मोटरसायकल कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी भरवलेली. सुरुवातीला गाडीची परीक्षा घेणे हाच हेतू होता, माणूस तिच्यावर फक्त बसलेला असे. पुढे गाड्या टिकाऊ झाल्या आणि परीक्षा माणसाची होऊ लागली. सॅमी मिलर हा स्वार १९६४ पर्यंत पाचशे सीसीच्या ब्रिटिश एरियलवर जिंकत होता, ठकठक करत चढणाऱ्या, जड, फोरस्ट्रोक गाडीवर. मग तो स्पेनच्या बुल्ताको कंपनीकडे गेला, त्यांच्यासाठी शेर्पा टी ही हलकी टूस्ट्रोक गाडी घडवली, आणि १९६५ मध्ये तिच्यावर स्कॉटिश जिंकली. त्यानंतर जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस संपत आले. एका माणसाने गाडी बदलली आणि तिच्यामागे सगळा खेळ दुसऱ्या देशाकडे सरकला, असे मोटरस्पोर्टमध्ये क्वचितच घडले असेल. स्पेनचे त्यातले वजन आजही मोठे आहे.

जागतिक अजिंक्यपद १९७५ मध्ये सुरू झाले. पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिन; त्याच्या मुलाने, डगीने, १९९७ ते २००३ अशी सलग सात वर्षे ते जिंकले. या दोघांच्या मधल्या काळात मात्र ट्रायल चालवण्याची रीतच पालटली, आणि ती पालटण्यात स्पेनच्या जोर्दी तारेसचा हात मोठा होता. तो सायकल ट्रायलमधून आलेला. सायकलवर चाक जागच्या जागी उचलून सरकवायची सवय असलेल्या त्या मुलाने तेच मोटरसायकलवर केले: मध्येच थांबायचे, तोल धरायचा, मागचे चाक उडी मारून बाजूला टाकायचे, दिशा बदलायची, आणि मग पुढे. त्याने सात अजिंक्यपदे जिंकली. तोवर वाहत्या पाण्यासारखी वाटणारी ट्रायल आता तुकड्यातुकड्यांची झाली, थांबा आणि झेप, थांबा आणि झेप. जे दगड पूर्वी वळसा घालून टाळायचे असत ते आता चढायचे झाले, आणि सेक्शन आखणाऱ्यांनाही आणखी उंच दगड शोधावे लागले.

याचा परिणाम ऑब्झर्व्हरवर काय झाला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

थांबणे चालते की चालत नाही, हा वाद या खेळात कित्येक वर्षे धुमसतो आहे. एफआयएमने, म्हणजे मोटरसायकल खेळांच्या जागतिक संघटनेने, २०१३ मध्ये जागतिक अजिंक्यपदात न थांबण्याचा नियम पुन्हा आणला. गाडीची पुढची गती तुटली की पाच. जुन्या पद्धतीची ट्रायल ज्यांना आवडते त्यांना हा न्याय वाटला, आणि मलाही मनापासून वाटला. पण काठावर उभे राहून त्या नियमाने न्याय द्यायचा म्हणजे काय, हे मी नंतर अनुभवले. पाय टेकणे ही गोष्ट निदान घडते किंवा घडत नाही. गाडी थांबणे ही तशी गोष्ट नाही. उभ्या चढावर क्लच अर्धा दाबलेला, मागचे चाक फिरते आहे, टायर दगडावर घासतो आहे, गाडी पुढे जात नाही पण मागेही येत नाही; हे थांबणे म्हणायचे का? पापणी लवायच्या आत स्वार पुढे निघतो, पाय कुठेही टेकलेला नसतो, आणि शून्य की पाच हे मला ठरवायचे असते. मधले काहीच नाही. मी पाच दिले की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्याची माझी तयारी नसते, आणि मी शून्य दिले की मागे रांगेत उभ्या असलेल्या, थांबू नये म्हणून जिवाचा आटापिटा करून तीन गुण घेतलेल्या माणसाकडे पाहवत नाही. अशा दोन-तीन प्रसंगांनंतर काही लोक पुढच्या वेळी चिमटा हातात घ्यायला येत नाहीत. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

इकडे झेपांची उंची वाढतच गेली. स्पेनच्या टोनी बोऊने २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता मैदानी जागतिक अजिंक्यपद जिंकले, आणि बंदिस्त सभागृहातलेही. अठरा आणि अठरा, छत्तीस. त्याची फीत मी पाहतो तेव्हा माझा श्वास अडकतो, हे मला कबूल केलेच पाहिजे. भिंतीइतक्या सरळ दगडासमोर तो क्षणभर स्थिर होतो, गाडी आखडते, सुटते, आणि चाक जिथे लागायला हवे तिथेच लागते. हा माणूस या खेळात जन्माला आला हे आपले भाग्य आहे. पण ती फीत मी दहा वेळा पाहिली तरी त्याच्या बुटांकडे एकदाही पाहिलेले नसते. कॅमेरासुद्धा चाकाच्या मागे असतो. अर्ध्या मिनिटाच्या त्या तुकड्यात चढ असतो, झेप असते, लोकांचे ओरडणे असते. त्याला शून्य मिळाले की एक, हे पुष्कळदा कळतच नाही आणि कळावे असे वाटतही नाही. ज्यांची ट्रायलशी ओळख अशा तुकड्यांतूनच होते त्यांना वाटणारच की चढला म्हणजे झाले.

इथेच मला त्या दुपारबद्दल खरे सांगितले पाहिजे. संशय असेल तर त्याचा फायदा स्वाराला द्यायचा, हा आमच्यातला जुना संकेत आहे, आणि मी शून्य दिले तेव्हा मनाशी तेच म्हणालो. पण संशय केव्हा येतो? बुटाकडे नीट पाहत असताना पाण्याचा शिंतोडा मध्ये आला, सावली पडली, तर. माझे तसे झाले नव्हते. ती जुनी गाडी पहिल्या दगडावरून इतक्या सुंदर लयीत वर गेली, तिच्या सायलेन्सरचा तो विरळ, सुटा सुटा ठोका ओढ्यात असा घुमला, की माझी नजर पुढच्या चाकावर गेली आणि तिथेच राहिली. पाय सुटलेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. मी वळून पाहिले तेव्हा तो परत चालला होता. मला संशय नव्हता, माझे लक्ष नव्हते, आणि लक्ष नसल्याचे झाकण म्हणून मी संशयाचा फायदा वापरला. निकाल लागला तेव्हा तो स्वार आपल्या गटात मधेच कुठेतरी होता. त्या एका गुणाने कोणाचा क्रमांक वर गेला नाही की खाली आला नाही. कोणाचे नुकसान झाले असते तर निदान माफी मागायला एक माणूस तरी मिळाला असता.

अशा जुन्या गाड्या आता पुष्कळ दिसतात, आणि त्यांचे दिसणे मला दिलासा देते. सेक्शन इतके अवघड झाले की चाळिशी उलटलेल्या, सोमवारी कामावर जावे लागणाऱ्या माणसाला तिथे हाडे मोडून घेण्यापलीकडे काही उरले नाही, तेव्हा कित्येकांनी गॅरेजच्या कोपऱ्यातल्या जुन्या गाड्या बाहेर काढल्या. दोन शॉकवाल्यांचा गट, त्याहून जुन्या, १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा गट. स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेवनला या जुन्या गाड्यांची वेगळी ट्रायलच भरते. क्लबांनीही एकाच सेक्शनमध्ये तीन-चार वाटा आखायला सुरुवात केली, सोपी एका रंगाच्या बाणांची, अवघड दुसऱ्या. वडील एका वाटेने, मुलगी दुसरीने, दोघे एकाच दिवशी, एकाच ओढ्यात. ऑब्झर्व्हरला मात्र प्रत्येक गाडीच्या पुढच्या पाटीचा रंग पाहून याला कोणते बाण लागू आहेत ते आठवावे लागते, आणि मग बूट. एका माणसाच्या डोळ्यांवर आपण काय काय लादत गेलो आहोत, याचा हिशेब कोणी मांडला आहे असे मला वाटत नाही.

मग एके दिवशी माझ्या सेक्शनमध्ये विजेवर चालणारी गाडी आली. अशा गाड्यांसाठी एफआयएमने २०१७ मध्ये वेगळा चषक सुरू केला, पुढच्या वर्षी यामाहाने त्यात आपली गाडी उतरवली, आणि लहान मुलांसाठीच्या ओसेट या विजेच्या गाड्या तर त्याच्याही आधीपासून होत्या, हे सगळे मला माहीत होते. तरी मी मनात अढी धरूनच होतो. पेट्रोलचा वास आणि इंजिनाचा ठोका नसलेल्या ट्रायलची मला कल्पनाच करवत नव्हती. एक तरुणी ती गाडी घेऊन आत आली आणि मला पहिल्यांदा ओढा ऐकू आला. सकाळपासून मी त्याच ओढ्यात उभा होतो आणि तो मला ऐकू आला नव्हता. टायर दगडावर पसरताना ओले कातडे ताणल्यासारखा बारीक आवाज येतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. साखळीची किरकिर, हलत्या दगडाचा घसा खाकरल्यासारखा घरघराट, आणि तिचा श्वास: चढाआधी आत घेतलेला, वर पोहोचेपर्यंत धरलेला, मग एकदम सोडलेला. शेवटच्या वळणावर तिचा उजवा बूट दगडाला लागला. मी तो पाहिला, आणि ऐकलासुद्धा. रबराचा तळवा दगडावर आपटल्याचा तुटक, निःसंदिग्ध आवाज. तिने कार्ड पुढे केले, मी एकच्या रकान्यावर चिमटा दाबला, आणि दोघांनाही बोलायची गरज पडली नाही.

तेव्हापासून माझी अढी पुष्कळ सैल झाली आहे. आवाज हे या खेळाचे जुने दुखणे आहे. जमीन दुसऱ्याची असते, परवानगी त्याची असते, आणि तक्रार आली की पहिली येते ती आवाजाची. जमीन मिळाली नाही तर कसली ट्रायल? २००१ मध्ये गुराढोरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा स्कॉटिश भरलीच नाही, इतका हा खेळ दुसऱ्याच्या रानावर अवलंबून आहे. शांत गाडीला कदाचित बंद झालेली काही फाटके उघडतील. पण जुन्या एरियलचा तो ठोका ज्या दिवशी कुठल्याच ओढ्यात घुमणार नाही, त्या दिवसाचा विचार आला की मला आत कुठेतरी रिकामे वाटते, आणि ही दोन्ही मते मी एकाच वेळी बाळगून आहे.

काळजी मला गाड्यांची नाही, माणसांची आहे. स्कॉटिशला सहा दिवस रोज तीसच्या आसपास सेक्शन असतात आणि सुमारे पावणेतीनशे स्वार. त्यातल्या प्रत्येक स्वाराच्या प्रत्येक पावलाकडे कोणीतरी पाहिलेले असते, पावसात, डास-चिलटांत, बिनपैशाने, ज्याचे नाव कोणत्याही निकालपत्रकात येत नाही असे कोणीतरी. मोठ्या ट्रायलला अशी माणसे अजून मिळतात, कारण तिथे उभे राहण्यातही मान आहे. छोट्या क्लबांना मिळेनाशी झाली आहेत. काही ठिकाणी स्वार तीन-चारच्या टोळीने फिरतात आणि एकमेकांचे गुण एकमेकांनीच घालतात. ट्रायल रद्द होण्यापेक्षा ते बरेच, आणि त्यांत बहुतेक माणसे सचोटीची असतात. पण मी अशा टोळीबरोबर चालून पाहिले आहे. आपला नंबर पुढचा असतो, डोळा आपल्या वाटेवर असतो, कोणता दगड हलतो ते पाहायचे असते; मित्राच्या बुटाकडे पाहायला कोणाचे डोळे मोकळे असतात? तो वर पोहोचतो, सगळे टाळ्या देतात, आणि कोणीतरी विचारते, “क्लीन ना?” तो म्हणतो, “बहुतेक.” कार्डावर शून्य पडते. यात कोणीही खोटे बोललेले नसते.

मला शिकवणारे गृहस्थ आता येत नाहीत. त्यांच्याने चढ चढवत नाही. मी त्यांना त्या शून्याबद्दल सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, “तू उभा कुठे होतास?” मी सांगितले: काठावर, वरच्या झाडाच्या बुंध्याशी, जिथून सगळा सेक्शन एका नजरेत दिसतो. ते म्हणाले, “तिथून तो दगड दिसतो. पण दगडाची पलीकडची बाजू दिसत नाही.”

गेल्या महिन्यात पुन्हा तोच ओढा माझ्या वाट्याला आला. स्वार येण्याआधी मी एकट्याने सेक्शन चालून पाहिला. त्या दुसऱ्या दगडाशी थांबलो, त्याची वळणाकडची बाजू पाहिली. शेवाळ होते, आणि त्यात जुने-नवे पुष्कळ ओरखडे, कोणता कोणाचा ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. मग झाडाचा बुंधा सोडून मी खाली उतरलो आणि ओढ्यातच, त्या दगडापासून दोन-अडीच हातांवर, कोणाच्या वाटेत येणार नाही असा उभा राहिलो. तिथून वरचा चढ अजिबात दिसत नव्हता. पहिला दगड अर्धाच दिसत होता. दुसऱ्या दगडाची ती बाजू आणि तिच्यासमोरची टीचभर मोकळी जागा मात्र स्वच्छ दिसत होती. पाणी बुटाच्या वरच्या काठापर्यंत आले आणि थोड्या वेळाने आतही शिरले. वरच्या वळणापलीकडे पहिल्या गाडीचे इंजिन सुरू झाले. मी चिमटा उजव्या हातात घेतला, थोडा वाकलो, आणि नजर फुटपेगच्या उंचीवर आणून ठेवली.